रोज चार तास नाहीत म्हणून गिटार विकू नका

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. गिटार यायला दहा हजार तास लागतात, म्हणजे रोज चार तास, सुरुवात तिशीच्या आत, लांब बोटं आणि महागडी गिटार, नाहीतर नाद सोडा. खाली सात जणांचे अंगठे, आणि सी विंगमधल्या एकाने तर लगेच घरातली गिटार विकायला काढली. मी घोडबंदर रोडला राहतो, वय ४३, गिटार हातात घेऊन दोन वर्षं झाली, तेव्हा थोडं बोलतोच.

आधी ते दहा हजार. अँडर्स एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि मंडळींनी १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर अभ्यास छापला, त्यात सगळ्यात चांगल्या गटाचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला रियाज सरासरी दहा हजार तासांच्या आसपास निघाला. सरासरी बरं का! म्हणजे त्याच गटात बरेच जण त्याच्या खालीच होते. शिवाय ती मुलं पट्टीचे वादक व्हायला निघालेली, आपल्याला गणपतीत दोन गाणी वाजवायचीत. या आकड्यात जादू नाही हे नंतर खुद्द एरिक्सननीच सांगितलं. आणि तीच चांगली मुलं दुपारी मस्त डुलकी काढायची, ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

चार तासांचं म्हणाल तर मी करून बघितलंय. रविवारी चार तास बसायचो, सोमवारी ऑफिसात कीबोर्ड दाबताना आई आठवायची, मग गुरुवारपर्यंत गिटार कोपऱ्यात आणि पुढच्या रविवारी परत श्रीगणेशा. आता रात्री जेवणं झाली की २० मिनिटं, बास. त्यातही अख्खं गाणं नाही, नुसतं सी कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र छेडलेले सूर) एफ वर जायचं आणि परत यायचं, मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर, चार ठोक्यांना एक कॉर्ड, अडखळलं की सरळ ५० वर आणायचा कारण घाईत वाजवलं की हात चूकच पाठ करतो, त्याला बिचाऱ्याला काय कळतंय. शेवटी मेट्रोनोम बंद करून एका मिनिटात किती वेळा बदल स्वच्छ वाजला ते वहीत लिहायचं. जूनमध्ये ९ होते, दिवाळीला ३१. मध्ये ट्रॅफिकने खाल्लेले दिवस पण आहेत, तिथे नुसती रेघ.

बोटांची टोकं सुरुवातीला दुखतात ते खरं, हळूहळू घट्टे पडतात. पण मनगट दुखायला लागलं तर थांबा, त्यात मर्दुमकी नाही.

लांब बोटं? जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचा डावा हात १९२८ च्या आगीत भाजला, दोन बोटं जवळपास निकामी झाली, उरलेल्या दोनांवर तो सोलो वाजवायचा. ब्लॅक सबाथ या रॉक बँडच्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात गेली, त्याने घरीच टोप्या बनवून घातल्या. आपली तर दहाही शाबूत आहेत. वयाबद्दल एवढंच, पोरं पटकन उचलतात हे मान्य, पण उशिरा येणं म्हणजे न येणं नव्हे.

महागड्या गिटारचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे. माझा एफ महिनोन्महिने ठप्प वाजायचा, मी बोटांना शिव्या घालत होतो. दुरुस्तीवाल्याने बघितलं तर नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीवर) तारा उंच. त्याने खाचा कानशीने खोल केल्या, तारांचा १२ चा जाड सेट काढून १० चा पातळ लावला, अर्ध्या तासात काम झालं, गिटार तीच. घरी बघायचं असेल तर तार तिसऱ्या फ्रेटला दाबा, पहिल्या फ्रेटवर अगदी केसाएवढी फट दिसली पाहिजे.

हे मी सी विंगवाल्यालाही सांगितलं. परवा लिफ्टमध्ये भेटला, म्हणाला बघितलं, माझ्याकडे तर त्या फटीतून एटीएम कार्ड आरपार जातंय.