‘नट आवळायचे सोडून अख्खी कील काढली’ या दोन स्टारवाल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क. पण गोष्ट अर्धीच लिहिलीत म्हणून उरलेली मी लिहितो, म्हणजे वाचणाऱ्यांना ठरवता येईल. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की तुमच्या शिडाच्या बोटीची कील (तळाखालचा जड पंख) आणि हल (बोटीचं मुख्य अंग) यांच्या सांध्यावर पुढच्या बाजूला बारीक चीर होती, कील धरणाऱ्या बोल्टचे नट आवळून चीर भरून द्या एवढंच सांगितलेलं, आम्ही कील उतरवली, केबिनची जमीन कापली, बिल जवळजवळ डबल झालं आणि सीझन हातचा गेला. वर "तीस वर्षं या बोटीला काही झालं नाही, हे लोक घाबरवून पैसे काढतात."

बिलाचं आधी मिटवू. पहिल्या अंदाजपत्रकावरच लिहिलेलं होतं की आतून उघडून बघितल्याशिवाय हा आकडा फायनल नाही. उघडल्यावर काम थांबवलं, फोटो आणि नवा आकडा पाठवला, तुमचं "ओके करा" आल्यावरच पुढे गेलो. तो मेसेज इथे टाकत नाही, त्यात तुमचा नंबर आहे.

आता त्या चिरेबद्दल. बोट क्रेनच्या पट्ट्यांवर उचलली की ती चीर उघडायची आणि कीलवर टेकवली की मिटायची, हे तुम्ही स्वतः बाजूला उभं राहून बघितलंय. नुसतं फिलर सुकून तडकलं असतं तर असं उघडझाप केलं नसतं. मग आत बिल्जमध्ये, म्हणजे केबिनच्या जमिनीखाली बोटीच्या तळाशी, छोट्या हातोडीने ठोकून बघितलं, तर कीलच्या मागच्या टोकाच्या वर, जिथे आडव्या बरगड्या हलला चिकटवलेल्या असतात, तिथे टणटणीत आवाजाच्या जागी बद्द आवाज. म्हणजे बरगडी दिसायला जागेवर, पण हलपासून सुटलेली. तुम्हीच सांगितलं होतं की मागे एकदा खडकाला "हलकीशी" टेकली होती. बोट पुढे जाताना कीलचं खालचं टोक अडकलं की वरची मागची कड हलमध्ये वर घुसते आणि पुढची कड खाली ओढली जाते, त्यामुळे चीर दिसते पुढे आणि खरी मोडतोड असते मागे. अशा वेळी बाहेरून पुट्टी भरून द्यायची म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आणि नट आवळायचं म्हणाल तर कशावर आवळणार? खालचं फायबरच वाकत असेल तर जितकं आवळाल तितका वॉशर आत रुतणार. जुने वॉशर बघितलेत ना, नटापेक्षा जरासेच मोठे. साधा हिशोब करून बघा, कील समजा 2 टनांची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य हलच्या खाली 1 मीटरवर आहे, बोट पूर्ण आडवी झाली की हे सगळं वजन त्या 1 मीटरच्या दांड्यावर लोंबकळतं, आणि बोल्टच्या दोन ओळींत अंतर 30 सेंटिमीटर असेल तर वरच्या ओळीवर साडेसहा टनांच्या वर ओढ येते. लाटेचा दणका यात धरलेलाच नाही.

बोल्टचंही तेच, वरून चकाचक, पण कील उतरवल्यावर सांध्याच्या आत कंबर बारीक झालेली. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचायला ऑक्सिजन लागतो, सांध्यात अडकलेल्या खाऱ्या पाण्यात तो मिळत नाही आणि स्टील तिथेच गुपचूप खाल्लं जातं. नटाकडे बघून हे कोणालाच कळत नाही, मलाही नाही. त्यातले दोन बोल्ट तुमच्या लॉकरमध्ये पिशवीत ठेवलेत, कृपया फेकू नका, पुढच्या वेळी बोट तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला दाखवा.

वेळ का लागला? कारण ओल्या फायबरवर नवीन थर चिकटत नाही, आधी ते सुकवावं लागतं आणि सुकण्याला घाई चालत नाही. मग सुटलेल्या बरगड्या काढून जुनं फायबर कडेला उतार देऊन घासलं, 5 मिलिमीटर जाडीला 60 मिलिमीटर उतार, म्हणजे 1 ला 12. नवीन फायबर बसवलं ते इपॉक्सी रेझिनने, पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडलं असतं पण जुन्या पक्क्या झालेल्या फायबरवर इपॉक्सीच जास्त घट्ट धरते. नवीन बरगड्या हलच्या दोन्ही बाजूंना वरपर्यंत नेल्या, पाणी जायच्या भोकांना नळ्या बसवल्या म्हणजे ओल आतल्या गाभ्यात मुरणार नाही, आणि नटांखाली जाड रुंद प्लेटा टाकल्या. यासाठी केबिनची जमीन कापावीच लागते, ग्राइंडर घेऊन माणूस आत शिरणार कुठून? कापलेली फळी आता स्क्रूवर उघडते. दिसायला पहिल्यासारखी नाही हे मान्य, पण मला ती तशीच हवी होती, कारण पुढच्या वेळी बघायला पुन्हा कापाकापी नको.

"तीस वर्षं काही झालं नाही" याबद्दल एवढंच सांगतो. 2014 मध्ये चीकी रफिकी नावाची 40 फुटी बोट अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली, चारही जण गेले. ती तर तुमच्या बोटीपेक्षा कितीतरी नवी होती. ब्रिटिश तपास अहवालात म्हटलंय की आधीच्या टेकण्यांनी आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी कील जोडलेली जागा कमजोर झाली असण्याची शक्यता आहे. तुमची बोट तशीच आहे असं मी म्हणत नाही. पण सुटलेल्या बरगडीवर फरशी झाकून बोट परत देणं आमच्याकडे होत नाही, मग एक स्टार पडला तरी चालेल.

बोट पाण्यात गेली की पहिल्या थोड्या सेलिंगनंतर नट एकदा टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलंय ते मोजणारा पाना) तपासायचेत. आकडा फाइलच्या शेवटच्या पानावर आहे, त्यापेक्षा जास्त आवळू नका. आणून दिलीत तर आम्ही तपासून देतो, त्याचे पैसे बिलात आधीच धरलेत.