प्रतिक्रियेला उत्तर : ‘पोटेमकिन’चे मूळ संगीत कोणते?

आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या १९२५ च्या मूकपटाला पेट शॉप बॉइज या इंग्लिश जोडीने दिलेल्या संगीताचे मी कौतुक केले, ते आपल्याला खटकले. रशियन संगीतकार शोस्ताकोविचचे मूळ संगीत असताना सिंथेसायझरची ही उठाठेव कशासाठी, असे आपण विचारले आहे.

शोस्ताकोविचने या चित्रपटासाठी काहीही रचलेले नव्हते. आपण पाहिलेली प्रत १९७० च्या दशकातली सोव्हिएत आवृत्ती असावी. तिला त्याच्या आधीच्या सिम्फनींचे (वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनांचे) तुकडे जोडलेले आहेत आणि त्यांतली अकरावी तर १९५७ ची, म्हणजे चित्रपटाहून ३२ वर्षांनी धाकटी आहे. चित्रपटासाठी मुद्दाम रचलेले संगीत संगीतकार एडमंड मायझेलचे, १९२६ च्या बर्लिनमधील प्रदर्शनासाठीचे. युद्धनौका ताफ्याला सामोरी जाते त्या अखेरच्या भागासाठी दिग्दर्शक आयझेन्स्टाइनने त्याच्याकडे सुरावट नव्हे, तर निव्वळ लय मागितली होती, आणि मायझेलने वाद्यवृंदातून यंत्रांची धडधड उभी केली. २००४ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात ड्रेस्डेनच्या वाद्यवृंदाबरोबर पेट शॉप बॉइजचे सिंथेसायझर वाजले, ते मला या मागणीशी इमान राखणारेच वाटते.

चित्रपटातल्या ओडेसा शहराच्या पायऱ्यांवरच्या गोळीबाराच्या दृश्याला एकसुरी ठेका मारक ठरतो, हा आपला दुसरा आक्षेप मात्र मला बराचसा मान्य आहे. शिपायांच्या पावलांचा ताल आयझेन्स्टाइनने दृश्यांच्या तुकड्यांशी मुद्दामच जुळू दिलेला नाही. पावले एका गतीने उतरतात, दृश्ये भलत्याच क्षणी बदलतात, आणि पुढे तीच उतरण्याची गती बाळाची गाडी गडगडत जाताना विलक्षण वाढते. संगीतकाराने प्रत्येक बदलावर आघात केला, तर गवयाच्या हरकतीगणिक तिहाई मारणाऱ्या तबलजीसारखी त्याची गत होईल. आणि सगळे एकाच चालीत रेटले, तर हा सारा ताण सपाट होईल. या दोहोंच्या मधली वाट अवघड आहे, आणि इथे या जोडीला ती सापडलेली नाही. त्यातून तिथे चक्क गाणे आहे. माणसे मरताना पडद्यावर शब्द नाहीत, चेहरे आहेत. त्यांच्यावर गायलेले शब्द घालणे मला ठेक्यापेक्षाही अधिक खटकते.

माझे कौतुक वाद्यसंगीताच्या भागांपुरतेच होते, पण तसे मी लिहिले नव्हते. ते वाक्य आता दुरुस्त केले आहे.