बोटीतल्या ग्रेहाउंडची कीव करणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस मराठी ग्रुपांमधून एक फोटो फिरतोय. इंग्लंडमधला कालवा, त्यावर लांबच लांब रंगीत बोट आणि तिच्या छपरावर उभे दोन ग्रेहाउंड कुत्रे. खालचा मजकूर थोडक्यात असा: ताशी 70 किलोमीटर धावणारा प्राणी सात फुटी लोखंडी डब्यात कोंडलाय. त्याला रोज मैलोगणती पळायला लागतं. आपल्या मुधोळच्या कुत्र्याला कोणी असं ठेवील का? यापेक्षा रेसच्या मैदानावर तरी तो सुखी होता. थंडीत कुडकुडत असेल बिचारा. इंजिनाच्या धडधडीत झोप कशी लागत असेल? कुत्रा आहे, पाण्यात पडला तर पोहून तरी निघेल, तेवढंच समाधान. आरएसपीसीएला, म्हणजे तिथल्या प्राणीकल्याण संस्थेला कळवा. त्यापुढे रडक्या चेहऱ्यांची रांग.

मी मध्य इंग्लंडात अशाच एका नॅरोबोटीवर रेसमधून निवृत्त झालेल्या दोन ग्रेहाउंडांसोबत राहते. त्यामुळे हा मेसेज मावशीपासून शाळेतल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी मला पाठवला, काहींनी दोनदा. लिहिणाऱ्याला कुत्र्यांविषयी कळकळ आहे, हे दिसतंच. पण जिथे घाबरायचं कारण नाही तिथे तो हळहळतो आणि जिथे कुत्र्याचा जीव जाऊ शकतो तिथे निर्धास्त आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी वेग. 70 चा आकडा बरोबर आहे, ग्रेहाउंड तेवढ्याच्या आसपास पोचतो. पण किती वेळ? ब्रिटनमधली नेहमीची शर्यत 480 मीटरच्या आगेमागे असते आणि अर्ध्या मिनिटात संपते. हे शरीर त्या अर्ध्या मिनिटासाठीच घडवलेलं आहे: मोठं हृदय, इतर कुत्र्यांपेक्षा जास्त तांबड्या पेशी असलेलं रक्त, मांड्यांत झटक्यात जोर देणारे स्नायू. तो जोर संपला की कुत्रा आडवा होतो आणि मग उठायचं नाव घेत नाही. दिवसातले सोळा-अठरा तास झोपणं या जातीत अगदी नेहमीचं. पोट वर, चारही पाय हवेत, मान गादीवरून खाली लोंबतेय, अशा अवस्थेत पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की याला काहीतरी झालंय.

मोठ्या झालेल्या, निवृत्त ग्रेहाउंडला दिवसातून दोनदा वीस-तीस मिनिटांची फेरी पुरते. मनसोक्त पळण्यासाठी इथे कुंपण घातलेली शेतं तासाच्या भाड्यानं मिळतात. आमची दोघं त्यात वाऱ्यासारखी दोन-तीन चकरा मारतात आणि उरलेला वेळ फाटकापाशी उभी राहून माझ्याकडे बघतात. पैसे मात्र पूर्ण तासाचे द्यावे लागतात. कालव्याकाठच्या पायवाटेवर आम्ही त्यांना कधीच मोकळं सोडत नाही. ही नजरेनं शिकार हेरणारी जात आहे. खार दिसली की हाक कानावर पडते, डोक्यात शिरत नाही. शिवाय ग्रेहाउंडची मान डोक्याहून रुंद असते, साधा पट्टा सहज निसटतो, म्हणून ओढल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा लागतो.

मुधोळशी तुलना दिसायला बरोबर वाटते. दोघांची अंगलट सारखी: निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. मुधोळ किंवा कारवानी हा आपला अभिमानाचा कुत्रा आहे, 2005 मध्ये टपाल खात्यानं त्याच्यावर तिकीटही काढलं. पण त्याला पिढ्यान्‌पिढ्या वाढवलं ते दख्खनच्या उन्हात, खडकाळ माळावर सशामागे लांब पल्ला धावण्यासाठी. त्याचं बळ दमात आहे. ट्रॅकवरच्या ग्रेहाउंडचं बळ पहिल्या काही सेकंदांत आहे. कारवानीला बोटीत ठेवू नका असं कोणी म्हणालं, तर मी वाद घालणार नाही. त्यावरून ग्रेहाउंडबद्दल काहीच ठरत नाही.

आता तो सात फुटी डबा. ही रुंदी कोणाच्या कंजूषपणातून आलेली नाही. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली आणि त्याच्या बरोबरीच्यांनी मध्य इंग्लंडातले कालवे खणले, तेव्हा त्यांवरचे लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दोन्ही टोकांना दरवाजे असलेले हौद, साधारण सात फूट रुंद बांधले. त्यांत शिरायचं तर बोट सहा फूट दहा इंचांचीच हवी. आतल्या भिंती आणि उष्णतारोधक थर वजा केले की राहायला सहा फुटांच्या आसपास उरतात. लांबी मात्र भरपूर असते, 57 फूट ही चांगली चालणारी लांबी. मालवाहतुकीच्या काळात बोटीचा बाकी सगळा भाग कोळशाला जायचा आणि नवरा-बायको-पोरं मागच्या दहा फुटी खोलीत संसार करायची. त्या मानानं आमची कुत्री ऐसपैस राहतात.

तरी जागेचा प्रश्न आहे. फक्त तो क्षेत्रफळाचा नाही, वळण्याचा आहे. नाकापासून ढुंगणापर्यंत चार फुटांच्या आसपास भरणारा कुत्रा दोन फुटी बोळात उभा असला, तर तुम्हाला स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जाता येत नाही. तोही मागे सरकत नाही, कारण ग्रेहाउंडच्या मते वाट तुम्ही काढायची असते. दोन कुत्री असली तर रहदारीचे नियम लागतात. खोलीभर फिरणारी शेपटी चहाचा कप नेमका शोधते.

खरी अडचण पायऱ्यांची, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. नॅरोबोटीत उतरायच्या पायऱ्या उभ्या आणि अरुंद असतात. शर्यतीचा कुत्रा केनेलमध्ये, म्हणजे कुत्री ठेवायच्या कोठीत वाढतो, जिना त्यानं कधी पाहिलेलाच नसतो. पहिल्या दिवशी तो वरच्या पायरीवर थिजून उभा राहतो, नाहीतर सगळ्या पायऱ्या एकदम ओलांडतो. दुसरा प्रकार वाईट, कारण त्यांचे पाय लांब आणि बारीक, आणि कातडी इतकी पातळ की कडीला घासली तरी फाटते. यावर उपाय म्हणजे रुंद, कमी उंचीच्या, गालिचा ठोकलेल्या पायऱ्या, किंवा पुढच्या बाजूनं उतरती फळी आणि पाठीवर मूठ असलेला हार्नेस. कुत्रा म्हातारा झाला, सांधे धरले, की तीस किलोचं हे धूड दिवसातून अनेकदा उचलावं लागतं. बाहेर बाग नसल्यामुळे रात्री दोनला पावसात दोरी धरून उभं राहावं लागतं ते वेगळंच. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बोटीवर ग्रेहाउंड आणू नये. निवृत्त कुत्री दत्तक देणाऱ्या संस्था आधी घर बघायला येतात ते याचसाठी. बोट म्हटल्यावर काही थेट नाही म्हणतात, काही पायऱ्या, फाटकं आणि तुमचा दिवसाचा क्रम बघून ठरवतात.

रेसच्या मैदानावरच्या सुखाबद्दल मात्र मला राग आवरावा लागतो. ब्रिटनमध्ये यांत्रिक सशामागची, गोल ट्रॅकवरची शर्यत 1926 मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यूवर सुरू झाली. सहा कुत्री, सहा रंगांची जॅकेटं, वळणावर एकमेकांवर आदळणारी अंगं. मोडलेले पाय बहुतेक त्या वळणांवरच मोडतात. शर्यतीचं अर्धं मिनिट सोडलं तर बाकीचं आयुष्य जातं ते केनेलमध्ये. तीन-चार-पाच वर्षांचा झाला की कुत्रा मंदावतो आणि कारकीर्द संपते. पुढे त्याचं निम्म्याहून अधिक आयुष्य बाकी असतं, कारण ही जात दहा-बारा वर्षं सहज जगते. ज्या आरएसपीसीएला कळवा म्हणून मेसेज सांगतो, तिनंच डॉग्ज ट्रस्ट आणि ब्लू क्रॉस या प्राणीसंस्थांसोबत सप्टेंबर 2022 मध्ये ही शर्यत टप्प्याटप्प्यानं बंद करा अशी मागणी केली. न्यूझीलंडनं डिसेंबर 2024 मध्ये आणि वेल्सच्या सरकारनं फेब्रुवारी 2025 मध्ये बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला. आमच्याकडच्या मादीच्या मागच्या पायावर अजून जुन्या जखमेची गाठ आहे. ती कोणत्या सुखातून आली ते मेसेजवाल्यानं सांगावं.

थंडीबद्दलचा मुद्दा अर्धा खरा. ग्रेहाउंडच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, केस आखूड आणि त्याखाली मऊ लोकरीचा थर नाही, त्यामुळे बाहेर जाताना कोट लागतो. आमच्याकडे त्यांना झोपायचे पायजमेही आहेत, हसायचं तर हसा. पण बोटीच्या आत थंडी कुठली? फोम भरलेल्या भिंती, छोटी जागा आणि कोळशाचा स्टोव्ह. बोटींवर खूप दिसणाऱ्या एका डॅनिश स्टोव्हचं नावच स्क्विरल, म्हणजे खार, आहे. ज्या प्राण्यामागे ही कुत्री वेडी होतात त्याच्याच नावाच्या स्टोव्हपुढे ती हिवाळाभर पसरलेली असतात. सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, तो नसेल तर बोटीला सुरक्षा प्रमाणपत्रही मिळत नाही.

उन्हाळ्याकडे मेसेजनं बघितलेलंच नाही. पोलादाचं छप्पर जुलैच्या उन्हात हात लावू देत नाही. 19 जुलै 2022 रोजी लिंकनशरमधल्या कनिंग्सबीला 40.3 अंश सेल्सियस नोंदलं गेलं. आपल्याकडे विदर्भात हा आकडा ऐकून कोणी पंख्याचं बटणही वाढवणार नाही, पण इथल्या बोटींत एसी नसतो. अशा दिवशी बोट झाडाखाली नेऊन बांधायची. मग सौर पॅनेल वीज देत नाहीत आणि फ्रीज कुरकुरतो. फ्रीजला कुरकुरू द्यावं.

इंजिनाचा आवाज पाठीमागच्या टोकाला असतो, कुत्री पुढच्या टोकाला. वेगमर्यादा ताशी चार मैल, बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू. पायवाटेवरची आजी आम्हाला मागे टाकते. पुढचा मुद्दा.

तो म्हणजे पाणी. अख्ख्या मेसेजमधली सगळ्यात धोकादायक ओळ हीच आहे, आणि नेमकी तीच दिलासा म्हणून लिहिली आहे. ग्रेहाउंड वाईट पोहतो. चरबी नसल्यामुळे अंग तरंगत नाही, मागचे पाय खाली जातात, आणि थंड पाण्यात तो फार लवकर गारठतो. कालवा खोल नसतो, मध्यभागी बरेचदा चार-पाच फूट. घात होतो तो काठाशी. बऱ्याच ठिकाणी काठ म्हणजे उभी पोलादी पत्र्याची भिंत असते. तिला नख रुतत नाही. कुत्रा पोहत काठापर्यंत आला तरी वर चढू शकत नाही, तिथेच धडपडत दमतो. आमच्या दोघांच्या अंगावर डेकवर आल्यापासून लाइफ जॅकेट असतं. त्याच्या पाठीवरची मूठ सगळ्यात महत्त्वाची, कारण बोटहुकानं किंवा हातानं तीच पकडून वर ओढायचं असतं.

लॉकमध्ये तर कुत्र्याला बाहेर ठेवायचंच नाही. दरवाजे बंद झाल्यावर झडपा उघडतात, पाणी उसळत आत येतं किंवा धडाधड बाहेर जातं, बोट पुढेमागे हिसके खाते. बोट आणि भिंत यांच्यामध्ये पडलेल्याला बाहेर यायला वाट नसते. हॅटनला एकामागोमाग 21 लॉक आहेत. तिथे आमची कुत्री पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत आत, दार लावून. काही लोक कुत्र्याला छपरावर दोरीनं बांधतात, म्हणजे पडणार नाही अशी समजूत. तो घसरला तर दोरीला लटकतो, आणि तुम्ही मागे सुकाणू धरून उभे असता.

आता तो फोटो पुन्हा बघा. छपरावर उभी दोन कुत्री, जॅकेट नाही, आणि मागे पाण्यावर लाटांची रेघ, म्हणजे बोट चालू आहे. समोर कुठेतरी कमी उंचीचा विटांचा पूल असणारच. त्या चित्रातली हळहळण्यासारखी गोष्ट ही आहे, आणि तिच्याबद्दल मजकुरात एक अक्षर नाही.

राहिलं आरएसपीसीएला कळवणं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006 च्या प्राणीकल्याण कायद्यानं मालकाला पाच गोष्टी पुरवायला बांधलंय: योग्य जागा, योग्य अन्न, स्वभावानुसार वागण्याची मोकळीक, इतर प्राण्यांसोबत किंवा त्यांच्यापासून वेगळं राहण्याची सोय, आणि वेदना, दुखापत, रोग यांपासून संरक्षण. त्यात घराची रुंदी किती फूट असावी असं कुठे लिहिलेलं नाही. तरीही इंग्लंडात फिरताना कालव्यावर कुत्रं दिसलं आणि काळजी वाटली, तर तारीख बघा. जानेवारीत स्टोव्हपुढे घोरणाऱ्या ग्रेहाउंडसाठी फोन करू नका. जुलैच्या दुपारी भर उन्हात बांधलेली बोट, बंद खिडक्या, मालकाचा पत्ता नाही आणि आत धापा टाकणारं कुत्रं दिसलं, तर आधी शेजारच्या बोटीचं दार ठोठावा. कालव्यावर सगळे एकमेकांना ओळखतात, मालक सापडतो. नाही सापडला तर थेट 999 ला फोन करून पोलिसांना बोलवा. इतक्या तातडीच्या वेळी आपले अधिकारी पोचेपर्यंत उशीर होऊ शकतो, असं खुद्द आरएसपीसीएच सांगते.