बॅटरी कोण खातं?

मेंदूच्या धर्तीवर बनवलेली चिप आली की शरीरात बसवलेल्या यंत्राच्या (इम्प्लांटच्या) बॅटरीचा प्रश्न मिटेल, हे लेखातलं वाक्य जरा घाईचं वाटलं. माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन्ससाठी डीबीएस, म्हणजे मेंदूत तारा घालून विजेचे ठोके देणारं यंत्र, बसवलंय. छातीवर कातडीखाली पेटी, बनियनमधूनसुद्धा उंचवटा दिसतो. बॅटरी मुख्यतः खातात ते मेंदूला सेकंदाला शंभराहून जास्त वेळा दिले जाणारे विजेचे ठोके. हिशेब करणाऱ्या चिपचा खर्च त्यामानाने किरकोळ. बचत व्हायची ती ठोके गरजेपुरते कमी-जास्त केल्याने, आणि तशा डीबीएसला अमेरिकेत २०२५ मध्ये मंजुरीही मिळाली.

लेखात साफ राहून गेलेली गोष्ट म्हणजे, कंपनीनेच हात वर केले तर? सेकंड साइट या कंपनीने आर्गस-२ हे कृत्रिम दृष्टिपटल २०१९ मध्ये गुंडाळलं. साडेतीनशेच्या वर लोक डोळ्यात जुनं यंत्र घेऊन वाऱ्यावर राहिले. आम्ही आत्ताच नुसतं सेटिंग बदलायला वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून अहमदाबाद गाठतो, तेही कंपनीचा माणूस असेल त्या दिवशी (सासरे वाटेत नडियादला चहा घेतल्याशिवाय पुढे सरकत नाहीत, ते वेगळंच). चिप किती मिलिवॉटवर चालते ते नंतर सांगा. सॉफ्टवेअर आणि सुटे भाग किती वर्षं मिळणार, ते आधी लेखी द्या म्हणावं.