अ‍ॅबलोनी ढिगाने आहे, मग मुठीला का मिळत नाही?

अ‍ॅबलोनी म्हणजे एक समुद्री गोगलगाय; तिच्या चमकत्या शिंपल्याच्या पट्ट्या चाकूच्या मुठीला लावतात. सुऱ्या-चाकू बनवणाऱ्यांत सध्या तिच्याबद्दल एक मजकूर फिरतोय. सार असं: टंचाई ही व्यापाऱ्यांची थाप आहे, शेतीतून लाखोंनी अ‍ॅबलोनी निघतात आणि शिंपले कचऱ्यात जातात, समुद्रातली संपवली पाणमांजरांनी, कॅलिफोर्नियातली ती पकडण्यावरची बंदी उठली की भाव कोसळतील, तोवर पौआ ही न्यूझीलंडची अ‍ॅबलोनी वापरा, आणि लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवून केलेली पट्टी, हे निव्वळ प्लॅस्टिक. लिहिणाऱ्याने शिंपला कधी कापला नसावा, असं वाचताक्षणी वाटलं.

शेतीचं आधी घेऊ, कारण ते अर्धं खरं आहे. आज जगात खाल्ली जाणारी बहुतेक अ‍ॅबलोनी शेतीतलीच असते आणि त्यात चीन सर्वांत पुढे. पण ती वाढवतात मांसासाठी. आठ-दहा सेंटीमीटरची झाली की विकून मोकळे. त्या वयाचा शिंपला पातळ आणि वाटीसारखा खोलगट. घडीच्या चाकूला हवी असते जाड, सपाट पट्टी, तीही एक नव्हे, मुठीच्या दोन बाजूंना दोन, आणि दोघींचा रंग जुळणारा. वाटी घासून सपाट करायला जा, मधोमध भोक पडतं.

शिंपल्याची जाडी म्हणजे त्या जिवाची वर्षं. तो आतून थरावर थर चढवत जातो. एकेक थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. त्यांच्यावरून प्रकाश परततो म्हणून ते निळे-हिरवे-गुलाबी रंग दिसतात. कॅलिफोर्नियाच्या रेड अ‍ॅबलोनीला सात इंचांचं व्हायला साधारण बारा वर्षं लागतात. माझ्याकडे तसा एक जुना शिंपला होता, ताटलीएवढा. पाठीवरचं विटकरी कवच घासून काढलं, तर खाली किड्यांनी आणि स्पंजांनी पोखरलेली बारीक बोगदी. काठाकडची श्वासाच्या भोकांची रांग सोडून द्यावी लागली, वळणाचा भागही गेला. एवढ्या ताटलीतून दोन पट्ट्या निघाल्या. एकीवर नेमकी मधोमध तपकिरी रेघ. कचऱ्यातले शिंपले कितीही गोळा केले तरी हे वय त्यांच्यात येणार नाही.

आता पाणमांजरं. ती अ‍ॅबलोनी खातात, यात वाद नाही. पण फरच्या व्यापारापायी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ती जेमतेम उरली होती. खाणारं कोणी नाही म्हणून अ‍ॅबलोनी वाढली आणि माणसाने तीच नेहमीची संख्या धरून उपसा केला. शिवाय अलीकडची मोठी पडझड झाली ती उत्तर कॅलिफोर्नियात, सोनोमा आणि मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर, जिथे पाणमांजरांची वस्तीच नाही. तिथे २०१३ पासून रोगाने तारामासे मेले, पाठोपाठ समुद्र तापला, तारामासे ज्यांना खातात त्या जांभळ्या सी अर्चिन या काटेरी जिवांचं पेव फुटलं आणि ते जे खातात त्या केल्प या समुद्रशैवालाचं ९० टक्क्यांहून जास्त जंगल नाहीसं झालं. केल्पवर जगणारी अ‍ॅबलोनी उपाशी मेली. व्हाइट अ‍ॅबलोनीची (ही दुसरी एक जात) गोष्ट त्याहून वाईट. २००१ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेलेली ती पहिली अपृष्ठवंशी समुद्री प्रजाती. या जिवांची अंडी आणि शुक्राणू पाण्यात सुटून मिळतात. नर-मादी एकमेकांपासून लांब राहिले की पिढी पुढे सरकत नाही, मग उपसा थांबवूनही उपयोग कमीच.

बंदी उठण्याचं म्हणाल, तर कॅलिफोर्नियातली व्यापारी पकड १९९७ मध्येच थांबली. उत्तरेत छंद म्हणून पकडायची मुभा होती, तीही २०१८ पासून बंद आहे. उद्या ती परत मिळाली तरी छंदाची पकड विकता येत नाही. भाव कोसळायला माल येणार कुठून?

पौआ मला आवडतो, रंगात तो रेडला मागे टाकतो. पण तो न्यूझीलंडचा, पकडीच्या ठरावीक कोट्यात बांधलेला. नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपात कायकोउराचा समुद्रतळच वर उचलला गेला, पौआ उघड्यावर पडले आणि तिथली पकड पाच वर्षं बंद राहिली. वरून शिंपला पातळ, त्यामुळे जाड पट्टीचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

राहिलं लॅमिनेट. खऱ्या शिंपल्याचे कागदासारखे काप रेझिनने एकमेकांवर चिकटवलेले असतात. पट्टीच्या कडेला भिंग लावा, थर मोजता येतील. छापील प्लॅस्टिकही बाजारात आहे, पण ते ओळखणं सोपं: दिव्याखाली तिरकं करा, खऱ्याचा रंग सरकतो, छापील जागच्या जागी राहतो. मोठ्या सुरीला मी लॅमिनेटच लावतो. अखंड पट्टीला रेझिनचा आधार नसतो, सुरी फरशीवर पडली की ती कोपऱ्यात टवका उडवते.

त्या मजकुराच्या शेवटी शिंपला घासताना उडणारी भूस जीवघेणी विषारी असल्याचंही म्हटलंय. शिंपला मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच भाऊबंद. विष नाही, पण बारीक धूळ फुप्फुसाला वाईटच. पाणी सोडत घासा आणि चांगला मास्क लावा.