जेफरसनला निवडून कोणी आणलं?

अमेरिकेत निवडणूक आली की आपल्याकडेही एक पोस्ट हमखास फिरते: 'आजच्या नेत्यांना काय नावं ठेवता, 1800 साली जेफरसन आणि अ‍ॅडम्सच्या लोकांनी एकमेकांना काय काय म्हटलं होतं बघा!' मजकूर खोटा नसतो. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी फेडरलिस्ट पक्षाचा जॉन अ‍ॅडम्स (तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष) आणि विरोधी पक्षाचा थॉमस जेफरसन समोरासमोर होते. फेडरलिस्टांच्या एका वर्तमानपत्राने मतदारांना सरळ विचारलं होतं की देव आणि धर्म मानणारा राष्ट्राध्यक्ष हवा, की जेफरसन हवा आणि देवच नको? उलट बाजूने जेम्स कॅलेंडर नावाच्या पत्रकाराने अ‍ॅडम्सवर इतकं विखारी लिहिलं की त्याला राजद्रोहाच्या कायद्याखाली 200 डॉलर दंड आणि नऊ महिने तुरुंग झाला. कॅलेंडरला जेफरसन आतून पैसे पुरवत होता, हेही खरं. (पुढे हाच कॅलेंडर जेफरसनवर उलटला आणि त्याची अब्रू वेशीवर टांगली. भाड्याची लेखणी, दुसरं काय होणार.)

पण ही निवडणूक या शिव्यांनी जिंकली किंवा हरली, हे मला पटत नाही. ज्याला जेफरसन नास्तिक वाटत होता तो आधीपासून फेडरलिस्टच होता. निवडणूक काढली ती हातात मतदार यादी घेऊन फिरणाऱ्यांनी, आणि त्यांची नावं या फॉरवर्डमध्ये कधीच नसतात.

त्या काळी उमेदवाराने स्वतः मत मागणं हलकेपणाचं समजलं जाई. जेफरसन आणि अ‍ॅडम्स दोघेही आपल्याला पदाचा मोह नाही असंच दाखवत होते. त्यामुळे मत मागायचं काम दुसऱ्यांवर पडलं. शिवाय 16 पैकी बहुतेक राज्यांत राष्ट्राध्यक्षासाठी सामान्य मतदार थेट मत देतच नव्हता. राज्याचं विधिमंडळ 'इलेक्टर' निवडायचं आणि ते इलेक्टर राष्ट्राध्यक्ष निवडायचे. म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणायचा तर आधी आमदार आणा.

जॉन बेकलीपासून सुरुवात करतो. इंग्लंडमधून पोरवयात करारावर व्हर्जिनियात आलेला हा लेखनिक पुढे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहाचा पहिला कारकून झाला. याच दोघांच्या आधीच्या लढतीत, 1796 साली, जेफरसनसाठी पेनसिल्व्हेनियाचं काम त्याच्याकडे होतं. तिथे लोक इलेक्टरना थेट मत देत, पण गोम अशी की मतदाराने एका कागदावर 15 इलेक्टरांची नावं हाताने लिहून आणायची. छापील चिठ्ठी चालत नव्हती. आता एखाद्या खेड्यातल्या शेतकऱ्याला 15 अनोळखी माणसांची नावं पाठ असतील का? कितीही जेफरसनवादी असला तरी तो आठव्या नावाला अडकणार. बेकलीने भाषणं ठोकली नाहीत. त्याने माणसं बसवून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, सुमारे 30,000, सगळ्या हाताने, आणि गठ्ठे करून विश्वासू कार्यकर्त्यांबरोबर गावोगाव रवाना केल्या. आपल्याकडे मतदानाच्या आदल्या दिवशी स्लिपा पोचल्या नाहीत तर काय होतं, हे बूथवर बसलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मीही आमच्या नगरपालिकेच्या निवडणुकीत रात्री बारापर्यंत याद्या फोडत बसलोय. जाहीरनाम्यातलं एक वाक्य आठवत नाही, पण कुठल्या गल्लीतली किती मतं बाहेर काढायची राहिलीत ते तेव्हा तोंडपाठ होतं.

पेनसिल्व्हेनियाच्या 15 पैकी 14 इलेक्टरांनी जेफरसनला मत दिलं. तरी देशात तो 71 विरुद्ध 68 असा तीन मतांनी हरला. न्यूयॉर्कची सगळीच्या सगळी 12 मतं अ‍ॅडम्सला गेली होती.

म्हणून 1800 साली सगळ्यांचं लक्ष न्यूयॉर्ककडे. आणि तिथे अ‍ॅरन बर. जेफरसनच्या पक्षाचा तिथला पुढारी. या माणसाबद्दल चांगलं बोलायची पद्धत नाही, पण निवडणूक लढवावी कशी हे त्याच्याकडून शिकावं. एप्रिलच्या शेवटी न्यूयॉर्क शहरातून विधिमंडळावर सदस्य निवडायचे होते. त्यांच्यावर राज्याच्या विधिमंडळातलं बहुमत ठरणार, आणि बहुमतावर 12 इलेक्टर. समोर फेडरलिस्टांचा पुढारी अलेक्झांडर हॅमिल्टन. बरने आपलं पॅनेल आधी जाहीर केलं नाही. हॅमिल्टनची यादी हातात येऊ दिली, ती सगळी साधीसुधी नावं निघाली, आणि मग आपले पत्ते टाकले: माजी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, साराटोगाच्या लढाईचा सेनापती होरेशिओ गेट्स, वकील ब्रॉकहोल्स्ट लिव्हिंगस्टन. गल्लीतल्या निवडणुकीला एवढी मोठी माणसं! क्लिंटनला तर यात पडायचंच नव्हतं आणि जेफरसनही फारसा आवडत नव्हता. बर त्याच्यामागे लागला, लागला, आणि शेवटी 'मी उभा नाही असं जाहीरपणे म्हणणार नाही' एवढ्यावर त्याला आणून ठेवलं. पहिलं मन वळवावं लागलं ते उमेदवाराचंच.

मग वॉर्ड. एकेका मतदाराचं नाव, त्याची ऐपत, त्याचा स्वभाव, कुठल्या बाजूला कललाय, सगळं लिहून काढलं. जर्मन वस्तीत जर्मन बोलणारे कार्यकर्ते. बरचं घर म्हणजे कचेरीच झाली होती. खायला-प्यायला तयार आणि थकलेल्यांसाठी जमिनीवर गाद्या. वर्गणीच्या यादीबद्दलचा एक किस्सा सांगतात, तो मला फार आवडतो. एका श्रीमंत पण चिक्कू माणसापुढे 100 डॉलरचा आकडा होता. बर म्हणाला, नाव खोडा. पैसे मागितले तर पैसेही देणार नाही आणि कामालाही येणार नाही. दुसरा एक सढळ हाताचा पण आळशी होता. बर म्हणाला, याचा आकडा दुप्पट करा आणि सांगा की तुम्हाला काम काही पडणार नाही. आमच्याकडच्या भल्याभल्या तालुकाध्यक्षांना हे अजून जमलेलं नाही.

मतदान तीन दिवस चाललं. हॅमिल्टन घोड्यावरून या केंद्रावरून त्या केंद्रावर फिरत होता. बर सातव्या वॉर्डात, गरिबांच्या वस्तीत, सलग दहा तास मतपेटीजवळ ठाण मांडून होता. शहरात त्याचं पॅनेल निवडून आलं.

आता आकडे बघा. शेवटी अ‍ॅडम्सला 65 मतं मिळाली, जेफरसनला 73. न्यूयॉर्कची 12 इकडची तिकडे केली की अ‍ॅडम्स 77, जेफरसन 61. संपलं.

हॅमिल्टनने काय केलं? हरल्यावर गव्हर्नर जॉन जेला पत्र लिहिलं की जुन्या विधिमंडळाला बोलावून इलेक्टर निवडायचा नियमच बदलून टाका. जॉन जे हाही हॅमिल्टनच्याच पक्षाचा, पण त्याने त्या पत्रावर शेरा मारला की हे पक्षासाठी आहे आणि मला शोभणार नाही. मग ऑक्टोबरमध्ये हॅमिल्टनने 54 पानांची पुस्तिका लिहिली, ती कोणाविरुद्ध? स्वतःच्या पक्षाच्या अ‍ॅडम्सविरुद्ध! ती विरोधकांच्या हाती पडली आणि त्यांनी आनंदाने छापली. इतका हुशार माणूस, पण बरच्या गाद्यांपुढे त्याची 54 पानं कमी पडली.

एक गोष्ट मात्र जेफरसनच्या भक्तांना आवडत नाही. गुलामांना मत नव्हतं, पण त्यांच्या संख्येचे तीन-पंचमांश धरून दक्षिणेच्या राज्यांना जास्तीचे इलेक्टर मिळत. ते वजा केले तर न्यूयॉर्क जिंकूनही जेफरसन हरला असता, असा हिशेब अनेक इतिहासकार मांडतात. ज्यांच्या दारात मत मागायला कोणी गेलं नाही, त्यांची डोकी मोजून घेतली गेली. बेकली आणि बरच्या कामाचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

आणि पुढचा घोळ. जेफरसनबरोबर उपाध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार होता बर. पण तेव्हा इलेक्टर दोन नावं द्यायचे, वेगळं उपाध्यक्षाचं मत नव्हतं. जेफरसन 73, बर 73. बरोबरी! प्रकरण प्रतिनिधिगृहात गेलं, दर राज्याला एक मत, जिंकायला नऊ राज्यं. 11 फेब्रुवारी 1801 पासून फेऱ्यांमागून फेऱ्या, जेफरसन आठवर अडकलेला, कारण फेडरलिस्ट बरला मतं देत होते. डेलावेअरचा एकुलता एक प्रतिनिधी जेम्स बेयार्ड हा फेडरलिस्ट. त्याला हॅमिल्टन पत्रं लिहून सांगत होता की बरपेक्षा जेफरसन परवडला. बेयार्ड अखेर बरमागून हटला. जेफरसनकडून आश्वासनं मिळाली असं तो पुढे म्हणाला, जेफरसनने साफ नाकारलं. 17 तारखेला, 36व्या फेरीत, दहा राज्यं जेफरसनकडे गेली. त्यात व्हरमाँटचं मत टाकणारा मॅथ्यू लायन होता. अ‍ॅडम्सवर टीका केली म्हणून त्याच राजद्रोहाच्या कायद्याने त्याला तुरुंगात टाकलं होतं आणि तो तुरुंगातूनच पुन्हा निवडून आला होता.

बेकलीला 1797 साली विरोधकांनी कारकुनाच्या जागेवरून काढलं होतं. ती जागा त्याला परत मिळाली, आणि 1802 साली काँग्रेसच्या ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपालही तोच झाला, दिवसाला जास्तीत जास्त दोन डॉलर मेहनतान्यावर. बर उपाध्यक्ष झाला, पण बरोबरी झाली तेव्हा तो स्पष्टपणे बाजूला झाला नाही, हे जेफरसन विसरला नाही. 1804 साली पक्षाने बरला तिकिटावरून उडवलं. त्याच्या जागी घेतलं जॉर्ज क्लिंटनला. तोच क्लिंटन, ज्याला बरने हातापाया पडून पॅनेलमध्ये आणलं होतं.