जीटी रेसिंगचं नाव घेऊन टायरची हवा काढू नका

‘जीटी रेसिंगचं गुपित’ नावाचा एक मेसेज फिरतोय. जीटी रेसिंग म्हणजे शोरूममधल्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या गाड्यांची शर्यत. आमच्या भाच्यानं तो वाचून नागपूरला निघताना चारही टायरांची हवा उतरवली, म्हणून हा खटाटोप. मेसेजचं म्हणणं असं: ही पैसेवाल्यांची हौस, शोरूमच्या गाड्या स्टिकर लावून पळवतात, महागडी गाडी जिंकते, एबीएसमुळे (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) ड्रायव्हरला काम नसतं. आणि रेसवाले हवा कमी ठेवतात, तेव्हा समृद्धीवर तुम्हीही २२ पीएसआय ठेवा, ग्रिप वाढेल.

शेवटचं आधी घेतो, बाकीच्यानं कुणाचा जीव जात नाही.

जीटी३ (जीटी रेसिंगचा एक वर्ग) गाडीच्या स्लिक, म्हणजे नक्षी नसलेल्या, टायरमध्ये सुरुवातीला हवा कमी असते, हे खरं. पण काही फेऱ्यांत टायर तापतो आणि दाब चढून ठरलेल्या आकड्यावर, साधारण २६ ते २८ पीएसआयवर, येतो. इंजिनिअर तो चढ धरूनच थंड टायरचा दाब ठरवतो. किमान दाब टायर कंपनी ठरवून देते, सेन्सर तो सतत दाखवत असतो, आणि टायर तास-दोन तासांत बदलला जातो.

तुमचा टायर तसा नाही. ११० च्या वेगाला तो सेकंदाला सुमारे १६ वेळा फिरतो. हवा कमी असली की प्रत्येक फेरीत बाजूची भिंत जास्त दुमडते, त्या दुमडण्यानं तापते, आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. शिवाय ट्रेडचा, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या पट्ट्याचा, मधला भाग नीट टेकत नाही. पावसात गाडी पाण्यावर तरंगायला वेळ लागत नाही. कसली आलीय ग्रिप!

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, तो वाचा. आकडा थंड टायरचा असतो. गाडी भरलेली असेल तर वेगळा आकडा. हवा सकाळी निघतानाच तपासा. वाटेत चार पीएसआय जास्त दिसली तर काढू नका, ती तापल्यानं वाढलेली आहे. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही पाहा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

शोरूमची गाडी? सांगाडा तिथला, बाकी फार थोडं. लॅम्बोर्गिनी हुराकान एलपी ६१०-४ चारही चाकांवर चालते. तिची जीटी३ आवृत्ती फक्त मागच्या दोन. महाग गाडी जिंकते हे तर साफ खोटं. लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपचा बीओपी (बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, म्हणजे गाड्यांची बरोबरी साधणारा) तक्ता उघडा: प्रत्येक मॉडेलपुढे किमान वजन आणि ताकदीची मर्यादा लिहिलेली असते. वेगवान गाडीवर वजन चढवतात, नाहीतर ताकद कापतात. एबीएस असतं, पण टायर झिजेल तसं ड्रायव्हर ते स्टिअरिंगवरच्या नॉबनं बदलत राहतो.

पैसेवाल्यांची हौस, हे मात्र निम्मं कबूल. फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत, एलएमजीटी३ या जीटी३ गाड्यांच्या वर्गात, प्रत्येक गाडीत एक ब्रॉन्झ, म्हणजे हौशी दर्जाचा, ड्रायव्हर लागतोच, आणि बऱ्याचदा खर्चाचा मोठा वाटा तोच उचलतो.